घरपोच तांबूल

डबा त्याच्या ऑफिसातल्या टेबलावर होता, लॅपटॉप ठेवायच्या नेमक्या जागी. स्टीलचा, उभट, झाकणाला कडी असलेला, आणि एका अंगाला अंगठ्याएवढा पोचा. श्रीवत्सनं तो पोचा पाहिला आणि खांद्यावरची बॅग उतरवायची राहूनच गेली. पोचा त्याच्या हातचा होता. नोकरीला लागल्यावर पहिल्या सुट्टीत घरी आलेला असताना तो फळीवरची इस्त्री काढायला गेला आणि शेजारचा हा डबा खाली आला. तांदूळ स्वयंपाकघरभर झाले. आई रागावली नाही, फक्त म्हणाली की ते आपले नाहीत, नीट वेच. झाकणावर तेलरंगात एकेचाळीस हा आकडा. हा डबा या वेळी घरात असायला हवा होता. चाळीस मिनिटांपूर्वी आईनं त्याला पोह्यांची अवलक्की वाढली होती, वर लिंबू पिळलं होतं, दुपारी जेवायला येणार का विचारलं होतं, आणि मोबाइलवरून नजर न काढता तो हूं म्हणाला होता. डब्याबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती.

त्यानं झाकण काढलं. आत तांदूळ नव्हते. डबा घासून, पुसून, बहुधा उन्हात ठेवून कोरडा केलेला होता आणि तळाशी चिमूटभर साखर होती. शेजारणीचं पातेलं परत देताना आई घालते तशी. भांडं रिकामं परत करायचं नसतं म्हणून. त्या चिमटीत राग नव्हता, आणि तेच श्रीवत्सला लागलं. रागानं आदळलेला डबा त्याला समजला असता. बारा वर्षं बेंगळुरात मोठमोठ्या कंपन्यांचे समारंभ पार पाडताना रागावलेल्या माणसांचं काय करायचं ते तो शिकला होता. फोन करायचा, चूक आपली म्हणायची, फुलं पाठवायची. साखर पाठवणाऱ्याला काय पाठवायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

“सकाळी साडेसहाला एक अम्मा ठेवून गेल्या,” दारातून पावनी म्हणाली. ती ऑफिसचे फोन सांभाळायची आणि सकाळी लवकर येऊन दारही उघडायची. दोनच महिने झाले होते तिला, त्याच्या आईला ओळखत नव्हती. तिच्या घरात मराठी होती, पण मोजकीच. “नाव विचारलं तर नुसत्या सुम्ने हसल्या. मागं अजून आहेत सर, डबे. शनिवारपासून येतायत. मला वाटलं तुम्हीच मागवले. आता ते क्यूआर आलं ना, म्हणून.”

“किती आहेत?”

“बहळ आहेत, खूप. तुम्हीच बघा की.”

साडेसहा म्हणजे आईची देवळात जायची वेळ. म्हणजे विठोबाकडे निघताना तिच्या पिशवीत फुलांबरोबर डबा होता. आधी इथं, मग देऊळ, मग घर, मग त्याच्यासाठी अवलक्की. लिंबू पिळताना तिच्या चेहऱ्यावर काही होतं का, हे त्यानं आठवून पाहिलं. चेहरा आठवेना. लिंबाची बी ताटात पडली होती आणि तिनं ती बोटानं उचलली होती, एवढंच आठवलं. तो बॅग घेऊन तसाच खुर्चीत बसला.

संस्थेचं नाव कैतुत्तू. घरातली मोठी बाई भात कालवून भोवती बसलेल्या पोरांच्या तळहातावर एकेक घास ठेवते, त्याला कन्नडात कैतुत्तू म्हणतात. तीस वर्षांपूर्वी नर्मदाबाईंनी सरकारी दवाखान्याच्या मागच्या गल्लीत ही चूल पेटवली, ती दवाखान्यात पेशंटजवळ राहणाऱ्या माणसांसाठी. पेशंटला दवाखाना जेवू घालतो. त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला भूक लागते हे कुणाच्या ध्यानात नसतं. नर्मदाबाईंचे पणजोबा मैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते म्हणे, आणि ऐंशीच्या घरातही त्या मुदपाकखान्यात अशा वावरायच्या की घोडा बाहेर बांधून आल्यात. त्यांनी घरोघर डबे वाटले. रोज तांदूळ धुवायच्या आधी एक मूठ डब्यात टाकायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी संस्थेची रिक्षा येऊन डबे रिते करून नेणार. दोनशेच्या वर घरं होती, बरीचशी शिंप्यांच्या गल्ल्यांमधली. कुणाचा सोना मसूरी, कुणाचा रेशनचा, कुणाचा वरुणा गावाकडच्या पाहुण्यांनी पाठवलेला नवा. सगळा एकाच पातेल्यात पडायचा आणि कधीच एकसारखा शिजायचा नाही. काही दाणे फुटायचे, काही कणीवर राहायचे. म्हणून कैतुत्तूचा भात कायम थोडा जास्त शिजवलेला, गिचका. श्रीवत्स दोन वर्षांपूर्वी आईजवळ राहायचं म्हणून परत आला, विश्वस्तांनी त्याला कामावर घेतलं, आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं वहीत लिहिलेली गोष्ट होती: भात सुधारणे.

आता तो भात सुधारणार होता. येत्या शनिवारी येलवालच्या पुढच्या एका रिसॉर्टच्या हिरवळीवर मोठा समारंभ होता. वीस गोल टेबलं, वीणावादन, नव्या वाफेच्या स्वयंपाकघराची फिल्म, आणि एक तांदूळगिरणीवाले मंचावरून जाहीर करणार होते की वर्षभराचा तांदूळ त्यांच्याकडून. एकाच जातीचा, एकाच वयाचा. या समारंभात श्रीवत्सनं सहा महिने घातले होते आणि त्याला त्याचा अभिमान होता, यात लपवण्यासारखं काही नाही. याद्या करायला त्याला मनापासून आवडायचं. देणगीदारांची त्यानं मोठ्यापासून लहानापर्यंत उतरती यादी केली होती आणि सर्वांत खाली दोनशे ओळींचा एक गठ्ठा होता, त्याला नाव दिलं होतं ‘लहान’. एवढ्यांना हिरवळीवर बसवायला जागा नव्हती. विश्वस्तांपैकी वेंकटरमण, बँकेतून निवृत्त झालेले, बैठकीत म्हणाले होते की त्यांनाही काहीतरी वाटलं पाहिजे हो. तेव्हा श्रीवत्सनं ती कल्पना मांडली. घरपोच तांबूल. सुरेख कापडी पिशवी, तिच्यात नारळ, विड्याची पानं, सुपारी, आणि एक कार्ड: तुमच्या मुठीनं आम्हाला इथवर आणलं, आम्ही ऋणी आहोत. कार्डाच्या मागे क्यूआर, म्हणजे यापुढे ज्यांना द्यायचं त्यांना फोनवरून देता यावं. सगळ्यांनी मान डोलावली. गेल्या शुक्रवारी पिशव्या घरोघर पोचल्या.

मागच्या कोठीत नर्मदाबाई पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या मागे भिंतीला लागून डबे रचले होते, सगळे घासलेले.

“बघितलास?” त्यांनी मान वर केली नाही. “चाळीसाच्या वर गेलेत. उरलेले आज-उद्या येतील.”

“नर्मदाक्का, ते आभार मानायला पाठवलं होतं.”

“आभार मानायला तांबूल? घरी?” त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. “जेवायला बोलावलं नाहीस श्रीवत्सा, आणि तांबूल तेवढं दिलंस. माणसानं काय समजायचं? आयितु. झालं. या आता. त्यांनी डबे घासून दिले. शहाणी माणसं आहेत, भांडली नाहीत.”

“मी सगळ्यांना फोन करतो. गैरसमज झाला म्हणून सांगतो.”

“गैरसमज कुणाचा झाला?”

 तो म्हणाला, गिरणीचा तांदूळ येईलच, जेवण थांबणार नाही.

“जेवण नाही थांबणार. मी थांबीन,” नर्मदाबाई म्हणाल्या, आणि ते इतकं साधं म्हणाल्या की त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. “गिरणी एक वर्ष देणार. पुढच्या वर्षी त्याला दुसरं कुणी दिसेल. आणि एवढ्या घरांच्या हाताची सवय एकदा मोडली तर परत लागते होय? दवाखान्यातल्या बाईला मी सांगते, हा भात तुझ्यासारख्याच घरातनं आलाय, लाजू नको, जेव. गिरणीचा भात वाढताना काय सांगू? ही घरं परत आली तर मी आहे. नाही आली तर तू हॉटेल चालव. चांगलं चालवशील.”

टोमणा नव्हता तो. त्या खरंच म्हणत होत्या की तो चांगलं चालवेल.

तांबूल जेवण आटोपलेल्याला निरोप देताना देतात, हे श्रीवत्सला माहीत नव्हतं असं नाही. मैसुरातल्या कुठल्या पोराला माहीत नसतं? आणि त्याला तर इतरांपेक्षा जास्त. वडिलांचं, आप्पांचं शिवणाचं दुकान लग्नसराईत ब्लाउज-परकर बाजूला सारून तांबुलाच्याच पिशव्या शिवायचं. पिवळं कापड, लाल काठ, वर नाडी. आप्पा मशीनवर उलट्या बाजूनं शिवून ढीग टाकायचे आणि तो भिंतीला टेकून बसून एकेक पिशवी काडीनं सुलटी करायचा, कोपरे बाहेर काढायचा. कोपरा नीट निघाला नाही तर नारळ तिरका बसतो, आप्पा म्हणायचे. बोटांना पिवळा रंग लागायचा, तो शाळेत पाटीवर उमटायचा. मग नात्यातली लग्नं असली की छत्राच्या, म्हणजे मंगल कार्यालयाच्या दारात पिशव्या वाटायचं कामही त्याच्याकडेच. आप्पांनी पढवून ठेवलं होतं. आधी विचारायचं, ऊटा आय्ता? जेवण झालं म्हणाले तर पिशवी हातात द्यायची, दोन्ही हातांनी. चिक्कप्पाच्या, धाकट्या काकाच्या लग्नात तो नऊ वर्षांचा होता, दारात कंटाळला होता, आणि नागोजीराव उशिरा आले. आप्पांच्या दुकानात पूर्वी कापड बेतायचे ते, हुणसूरहून दोन बस बदलून आले होते. ते आत येत होते की बाहेर जात होते हे त्यानं पाहिलंच नाही, पिशवी पुढे केली. नागोजीराव थांबले. पिशवीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पिशवी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि वळून निघून गेले. आप्पा स्टँडपर्यंत धावले. बस सुटायची होती, आप्पा खिडकीशी उभे राहून हात जोडत होते आणि नागोजीराव हसून म्हणत होते, मिळालं की तांबूल. ते पुन्हा कधी घरी आले नाहीत. आप्पांनी त्याला मारलं नाही. त्या दिवशी ते पंगतीला बसले नाहीत, एवढंच.

मग हे नऊ वर्षांच्या पोराला कळलेलं चव्वेचाळीस वर्षांचा माणूस विसरला कसा? कोठीतून परत येऊन टेबलाशी बसल्यावर श्रीवत्स हे स्वतःला विचारत राहिला, आणि जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा उत्तर थोडं जास्त जवळ आलं. नमुन्याची पिशवी आली तो दिवस त्याला आठवला. पुरवठादाराचा माणूस समोर बसला होता. श्रीवत्सनं सवयीनं आत बोट घालून कोपरा तपासला आणि त्याला क्षणभर, अगदी क्षणभर, छत्राचं दार दिसलं होतं. काहीतरी राहतंय असं वाटलं होतं. मग तो म्हणाला, छान आहे, अडीचशे करा. विसरला नव्हता तो. त्यानं त्या आठवणीला दारातच थांबवलं होतं. त्याला ती घरं जायला हवी होती. भांडून नाही, चांगल्या रीतीनं, हातात काहीतरी देऊन. दोनशे मुठींचा तो गिचका भात त्याला नको होता, आणि नको का होता हेही त्याला ठाऊक होतं. गेली चोवीस वर्षं ठाऊक होतं.

आप्पा त्याच दवाखान्यात एकोणीस दिवस होते. श्रीवत्स वीस वर्षांचा होता, कॉलेजात होता, आणि वर्गातल्या मुलांना त्यानं सांगितलं होतं की वडील खाजगी नर्सिंग होममध्ये आहेत. दुपारी साडेबाराला वॉर्डातल्या बायका ताटली घेऊन मागच्या गल्लीत जायच्या. आई पहिल्या दिवशी गेली नाही. दुसऱ्या दिवशी गेली. खिडकीतून ती रांग दिसायची, आणि रांगेत आई दिसायची, पदर डोक्यावरून घेतलेला, ताटली छातीशी धरलेली, पुढच्या बाईशी काहीतरी बोलणारी. ती बोलत होती याचा त्याला सर्वांत जास्त राग आला. परत येऊन ती म्हणाली, गरम आहे, तू पण जा, चांगला वाढतात. तो म्हणाला, माझं झालंय. एकोणीस दिवस तो कोपऱ्यावरच्या हॉटेलात मसाला दोसा खात राहिला, आप्पांच्या औषधांतून उरलेल्या पैशांत, आणि एकोणीस दिवस आई लोकांच्या मुठींवर जेवली. आप्पा गेले. तेरावा झाल्यावर चौदाव्या दिवशी ती मागच्या गल्लीत जाऊन हा डबा घेऊन आली. तेव्हापासून रोज सकाळी ती डब्यात मूठ टाकायची, आणि तो आवाज, स्टीलवर तांदूळ पडल्याचा, त्याला दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा, आणि तो कूस बदलायचा. विश्वस्तांपुढच्या सादरीकरणात त्यानं ‘लहान’ या गठ्ठ्यापुढे लिहिलं होतं: सातत्य चांगलं, वाढीला वाव नाही. त्या गठ्ठ्यात एकेचाळिसाव्या ओळीत आईचं नाव होतं. ती ओळ त्यानं पाहिली होती. पाहिली, आणि खाली सरकला होता.

दुपारी तो घरी गेला. आई जमिनीवर बसून अवरेकाई सोलत होती, शेंगांचा वास घरभर होता. त्यानं डबा तिच्यापुढे ठेवला.

“का दिलास?”

“तांबूल मिळालं ना,” आई म्हणाली. “चांगलं होतं हं. नारळ गोड निघाला. काल चटणी खाल्लीस की, त्यातलाच.”

चटणी त्यानं दोनदा मागून घेतली होती.

“आई, मी घरातच असतो. मला विचारायचं होतंस.”

“शुक्रवारी आलं. शनिवार, रविवार वाट बघितली, तू काही सांगतोस का. तू फोनवर होतास. आणि तू हातानं दिलं असतंस तर विचारलं असतं. गेटवर माणूस आला, सही घेतली. कार्डावर ट्रस्टचं नाव. ट्रस्टला मी काय विचारू?”

“चुकलं माझं.”

“होय की,” ती म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली.

“मग ठेव ना परत.”

“तांबूल घेऊन कोणी परत पंगतीत बसतं का रे? तूच सांग. तू दारात उभा असायचास.” तिनं दाणे भांड्यात टाकले. “मी रागानं नाही बोलत, श्रीवत्सा. माझं खरंच झालं. तिथं जेवले त्याची फेड होती असंही नाही. फेड कसली. सवय होती. ड्रम उघडायचा, मूठ बाजूला काढायची, तुझ्या आप्पाची आठवण यायची, मग भात. शनिवारी मूठ काढली आणि सुम्ने हातातच राहिली. कुठं टाकू कळेना. मग परत ड्रममध्ये टाकली. आता परत डबा घेतला तर तो तुझ्यासाठी घेतल्यासारखं होईल, तुझी नोकरी राहावी म्हणून. ते मला नको.”

 ती सोलत राहिली आणि तो तिच्या समोर बसून शेंगा सोलू लागला. त्याच्या नखांना ती सवय नव्हती.

संध्याकाळी तो शिंप्यांच्या गल्लीत गेला. नर्मदाबाई म्हणाल्या होत्या, फोन नको, दारात जा. पहिलं घर यशस्विनीचं, सत्तावीस नंबर. तिची सासू डबा ठेवायची, सासू गेल्यावर ती. पस्तिशीची होती, गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या, समोर कुणाच्या तरी साखरपुड्याचा ब्लाउज. श्रीवत्सनं उभ्यानंच सगळं सांगितलं. चूक झाली, पद्धत चुकली, मनात तसं नव्हतं. शेवटचं वाक्य बोलताना त्याची जीभ अडखळली.

तिनं टाचण्या काढून उशीत खोचल्या. “नर्मदाक्का सोडणार म्हणे?”

“तुम्ही परत आलात तर नाही सोडणार.”

“तुमच्या घरी डबा आहे काय आता?”

त्यानं नकारार्थी मान हलवली.

“तुमच्या आईनं, जानकक्कानं पण दिला, आम्हाला कळलं,” ती म्हणाली. “वाईट वाटून, बेजार करून घेऊ नका. पण तुमच्याच घरात नाही, आणि तुम्ही आमच्या घरात ठेवा म्हणता. हे कसं?” मग तिनं त्याला कॉफी दिली, आणि ती चांगली होती, त्यामुळे आणखी वाईट वाटलं. पुढच्या घरी खंडोजीरावांनी तेच विचारलं. तिसऱ्या घरी तो उंबऱ्याशी पोचायच्या आत एक म्हातारी गॅलरीतून म्हणाली, तुमच्या घरी आहे का मग? प्रश्न त्याच्या आधी चालत होता. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या मागण्या सजवल्या होत्या, त्यांना दिवे लावले होते, मागे संगीत लावलं होतं. स्वतः दारात उभं राहून काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. आणि आता मागायला गेला तर लोक फक्त एकच साधी गोष्ट विचारत होते.

मंगळवारी सकाळी तो आईच्या आधी उठला. डबा रात्रीपासून ओट्यावर होता. आईनं त्याला हात लावला नव्हता, उचलून आतही ठेवला नव्हता. त्यानं तांदळाचा ड्रम उघडला. या ड्रममध्ये आपण कधी हात घातलेला नाही हे त्याच्या लक्षात आलं. आत गार होतं, वरून दिसतं त्यापेक्षा खूप गार, आणि हात मनगटापर्यंत सहज आत गेला. दाणे बोटांच्या बेचक्यांतून सरकले. त्याला बरं वाटलं. त्यानं मूठ आवळली, होईल तेवढी भरून घेतली आणि वर काढली, तेव्हा आई दारात उभी होती.

“एवढी नको,” ती म्हणाली.

“का? जास्त गेलेलं चांगलंच ना?”

“आज जाईल. उद्या? घरात पाहुणे असतील, ड्रम तळाला गेला असेल, तू कुणावर तरी चिडलेला असशील. त्या दिवशी पण निघाली पाहिजे. तेवढीच घे.”

त्यानं मूठ सैल केली. तांदूळ परत ड्रममध्ये गळत गेले आणि ती बघत राहिली. त्याला वाटलं ती ‘बस’ म्हणेल, पण ती काही म्हणाली नाही, त्यामुळे केव्हा थांबायचं ते त्यालाच ठरवावं लागलं. उरलं ते त्यानं डब्यात टाकलं. नुसत्या स्टीलवर पडल्यानं आवाज मोठा झाला. आईनं गॅसवर दूध ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. बुधवारी त्याला आठवण राहिली. गुरुवारी समारंभाच्या धावपळीत तो घराबाहेर पडला, रिंग रोडपर्यंत गेला आणि तिथून परत आला. तांदूळ धुवायच्या आत मूठ निघाली पाहिजे हे ठरलेलंच होतं. नाहीतर ती उरलेल्यातली होते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण तसंच वाटलं. भात शिजायला ठेवून झाला होता. तरीही त्यानं मूठ टाकली आणि त्या दिवसाची ती मूठ त्याच्या मनाला पटली नाही.

शनिवारचा समारंभ उत्तम झाला. खोटं कशाला बोला, श्रीवत्सला मजा आली. दिवे वेळेवर लागले, वीणा लोकांनी ऐकली, गिरणीवाल्यांनी मंचावर जाहीर करायचं ते जाहीर केलं, वेंकटरमणांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ती त्याला आवडली. नर्मदाबाई आल्या होत्या. पहिल्या टेबलावर ताठ बसल्या, सगळं जेवल्या, आणि मंचावर बोलावल्यावर एवढंच म्हणाल्या की दुपारी साडेबाराला एकदा येऊन जा सगळे, बघायला नको, जेवायला या. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. श्रीवत्स हिरवळीच्या कडेला उभा होता. हे स्वयंपाकघर उभं राहील, वाफेवर भात होईल, एकेक दाणा सुटा होईल, आणि ते वाईट नव्हतं, कुणाचं पोट त्यानं जास्तच भरेल. पण ताटली छातीशी धरून रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला तो भात कुठून आला हे कुणी सांगणार नव्हतं. आई तेव्हा पुढच्या बाईशी काय बोलत होती, हे आपण कधी विचारलं नाही, असं त्याला त्या टाळ्यांमध्ये वाटून गेलं. उद्या विचारू, असं त्यानं ठरवलं.

रविवारी सकाळी मूठ टाकून तो गल्लीत गेला. यशस्विनी दारातच होती, मशीनला तेल देत होती. साखरपुड्याचा ब्लाउज हँगरवर तयार लटकला होता.

“आहे का घरी?” तिनं विचारलं.

“आहे.”

“जानकक्कानं परत घेतला?”

“नाही. तिनं नाही घेतला. माझा आहे. मी घालतो.”

तिनं तेलाची कुपी खाली ठेवली, हात चिंधीला पुसले आणि त्याच्याकडे नीट पाहिलं, मापं घेताना पाहते तसं. “तुम्ही? रोज?”

“रोज.”

“किती दिवस झाले?”

“आजचा सहावा.”

“सहा दिवस तर कोणी पण घालतं,” यशस्विनी म्हणाली. आवाजात कडवटपणा नव्हता. “महिना भरू द्या. डबा भरला की घेऊन या, मला दाखवा. मग मी गल्लीत सांगते.”

श्रीवत्सनं बरं म्हटलं. खंडोजीरावांच्या दारात जाऊन त्यानं तेच उत्तर दिलं आणि त्यांनीही तेच सांगितलं.